शाळेच्या आधींची शाळा



शालान्त परीक्षेचा निकाल लागला कीं आपल्या घराघरांतून एक वाक्य हटकून ऐकूं येतें : "मुलगा मूळचाच हुषार !" पेढे वाटणारे वडीलहि तेंच म्हणतात आणि पेढा घेणारा शेजारीहि तेंच म्हणतो. या 'मूळचा' शब्दाविषयीं आज मला थोडें बोलावयाचें आहे. कारण ३० वर्षें मास्तरकी केल्यावर तो शब्द माझ्या गळ्याखालीं सहजासहजीं उतरत नाहीं.

एक हकीकत सांगतों. शहरांतल्या ज्या शाळेंत मी मराठी शिकवीत होतों, तेथें सातवीच्या वर्गाला मीं 'मीं केलेला प्रवास' हा निबंधाचा विषय दिला. एका वकिलांच्या चिरंजीवानें महाबळेश्वरावर चार पानें लिहिलीं. सूर्योदय, धुकें, निसर्गाची मुक्त उधळण, सारें जागच्या जागीं होतें. त्याला १० पैकीं ८ गुण मिळाले. त्याच वर्गांत भाजी विकणाऱ्या एका बाईंचा मुलगा होता. त्यानें बिचाऱ्यानें प्रवास असा केलाच नव्हता. म्हणून पहाटे तीन वाजतां आईबरोबर टेंपोच्या पाठीमागें बसून तो मार्केट यार्डांत गेला होता, तेंच त्यानें लिहिलें. मेथी शेकडा ८०० रुपये भावानें घेतली; १०० पैकीं १२ जुड्या सडक्या निघाल्या; उरलेल्या कितीला विकल्या म्हणजे टेंपोचें भाडें सुटून २०० रुपये हातीं राहतील, हा हिशेब आईनें त्याला वाटेंतच करावयास लावला, आणि त्यानें तो केला. निबंध दीड पानाचा होता. 'पानी', 'कोन', 'म्हनली' अशा शब्दांखालीं मीं तांबड्या शाईच्या रेघा मारल्या, 'विषयास धरून नाहीं. भाषा अशुद्ध' असा शेरा दिला आणि ३ गुण दिले. पुढें बऱ्याच दिवसांनीं वकीलसाहेबांकडे चहाला गेलों असतां, महाबळेश्वरच्या त्या सुंदर वाक्यांपैकीं निम्मीं तरी आपणच सांगितलीं होतीं, असें ते मोठ्या कौतुकानें म्हणाले. त्यांत त्यांना लपविण्यासारखें कांहीं वाटलें नाहीं; आणि खरें सांगावयाचें तर त्या वेळीं मलाहि वाटलें नाहीं.

मीं तपासली ती मुलाची बुद्धि, कीं त्याच्या घरची बोली ? 'पाणी' या शब्दांतला 'ण' मीं वर्गांत कधीं शिकविला नव्हता. तो शिकवावा लागतो हेंच मला ठाऊक नव्हतें, कारण माझ्या कानांवर तो जन्मापासून पडत आला होता. एकोणिसाव्या शतकांत व्याकरणें व क्रमिक पुस्तकें तयार झालीं, तेव्हां पुण्याकडील शिष्टांची बोली प्रमाण ठरली. ज्यांच्या घरीं ती आधींच बोलली जाई, त्यांचीं मुलें अर्धी शाळा उंबरठ्याच्या आंतच शिकून येऊं लागलीं. आणि ही गोष्ट केवळ उच्चारांची नव्हे. जेवतांना "असें कां ?" म्हणून विचारणारा मुलगा आणि त्याला उत्तर देण्याची फुरसत असलेला बाप, "समजलें नाहीं तर बाईंना पुन्हां विचार" असें बजावणारी आई, हातीं लागतील अशीं कपाटांतलीं पुस्तकें. कष्टकरी घरांत मायेची उणीव नसते, फुरसतीची असते. शिवाय वडीलधाऱ्यांना उलट विचारूं नये हा तेथें पुष्कळदां चांगला संस्कार समजला जातो; शाळेंत तोच संस्कार मुलाला मठ्ठ ठरवितो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ बूर्द्यू यांनीं या घरच्या ठेव्याला 'सांस्कृतिक भांडवल' असें नांव दिलें. अमेरिकेंत १९६६ सालीं जेम्स कोलमन यांची ६ लाखांच्या वर विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध झाली, तींतहि शाळांच्या साधनसामग्रीपेक्षां घरच्या परिस्थितीचा ठसा गुणांवर अधिक दिसून आला.

बरें, बुद्धि नव्हती म्हणावें तर तो मेथीचा हिशेब आठवतो. ब्राझीलमधील रेसिफे शहरांत रस्त्यावर माल विकणाऱ्या मुलांचा एक अभ्यास १९८५ सालीं प्रसिद्ध झाला. गिऱ्हाइकाशीं बोलतां बोलतां केलेले १०० पैकीं ९८ हिशेब बरोबर येत. तशींच गणितें आंकड्यांत मांडून दिलीं तर अवघीं ३७. कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या मुलांविषयीं २०२५ सालीं असेंच आढळलें. आणि शाळेंतलीं मुलें बाजारी हिशेबांत अडखळतात, हेंहि त्याबरोबरच आढळलें. ही दुसरी बाजू आपण सोयीस्करपणें विसरतों.

१८८२ सालीं महात्मा फुले यांनीं हंटर आयोगाला निवेदन दिलें, त्यांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाबरोबरच शिक्षक शक्य तों शेतकरी वर्गांतले असावे, अशी मागणी होती. मुलाच्या घरची बोली ज्याला परकी नाहीं असा मास्तर वर्गांत असणें म्हणजे काय, हें मला त्या ३ गुणांनंतर फार उशिरां कळलें. कर्मवीर भाऊराव पाटील यांनीं १९२४ सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें एकत्र वसतिगृह काढलें. ज्याच्या घरीं अभ्यासाला जागा नाहीं, त्याला तेथें जागा, वेळ आणि बरोबरीचे सोबती मिळाले. आणि हातानें काम करणें ही तेथें लाज नव्हती.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें विनाअनुदानित खाजगी शाळांना आरंभींच्या वर्गांत २५ टक्के जागा दुर्बल घटकांतील मुलांना देण्यास सांगितलें. दार उघडलें, हें फार चांगलें झालें. पण आंत पुष्कळ ठिकाणीं पालकसभा इंग्रजींत, आणि 'प्रकल्प' असे कीं ते बापानेंच करावे. आपण सुशिक्षित मंडळी रात्रीं जागून ते करतों, सकाळीं मुलाच्या हातीं देतों, आणि त्याला गुणहि मिळतात. जें वर्गांत शिकविलें नाहीं त्याला गुण देऊं नका, एवढें तरी पुढच्या पालकसभेंत आपल्यापैकीं कोणी उठून म्हणावयास हरकत नाहीं.

त्या मुलाची आई एकदां प्रगतिपुस्तक नेण्यास आली होती. भाजीची पाटी खालीं ठेवून ती वर्गाच्या दाराबाहेरच उभी राहिली. "सर, घरी त्याच्याकडनं काय करून घिऊ ?" असें तिनें विचारलें. "शुद्ध बोलायला शिकवा," असें मीं सांगितलें. तिनें मान हलविली, पाटी डोक्यावर घेतली आणि ती गेली.