दवाखान्याची नोकरी आणि 1950 चा कागद
(गेल्या गणेशोत्सवात मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



मी इथे सरकारी रुग्णालयात लॅब टेक्निशियन आहे. डिप्लोमावाला माणूस. आरतीची वेळ होत आली आहे, म्हणून कामाचं तेवढंच सांगतो.

आपल्याकडे दवाखाना म्हटलं की फक्त डॉक्टर दिसतो. 'नीट'मध्ये नंबर लागला नाही की मुलगी सरळ बी.ए.ला. पण नर्सिंग, फार्मसी, एक्स-रे, लॅब हीही दवाखान्याचीच दारं आहेत. अनुसूचित जातीच्या मुलांना त्यासाठी पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती मिळते. ही योजना 1944 पासूनची आहे. केंद्राच्या नियमाप्रमाणे घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांपर्यंत हवं. सक्तीची फी मिळतेच, शिवाय भत्ता. नर्सिंगला होस्टेलमध्ये राहणाऱ्यांना वर्षाला 9,500 आणि घरून जाणाऱ्यांना 6,500 रुपये.

मग मुलं अडतात कुठे? जातीच्या दाखल्यावर. आजोबांचा दाखला महाराष्ट्रातला असेल तर तो इथे चालत नाही. आपलं कुटुंब 1950 साली या भागात राहत होतं, हे दाखवावं लागतं. ओबीसींसाठी वर्ष 1984. गंमत बघा, 1950 साली इंदूर मध्यप्रदेशात नव्हतंच, मध्य भारतात होतं! पण आपली इंदूरची कितीतरी घरं त्याच्याही आधी मिलच्या कामासाठी इथे आली. हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली, पण मिलची कार्डं, घरपट्टीच्या पावत्या कोणाकोणाच्या पेटीत अजून असतील. रद्दीत घालू नका. माझ्या मते शाळेच्या जुन्या रजिस्टरमधली नोंद सगळ्यांत भक्कम. आजोबा ज्या शाळेत शिकले तिथे जाऊन नक्कल मागा.

दुसरी अडचण आपल्या 'ळ'ची. हिंदीच्या कागदात कांबळेचं कांबले होतं, इंग्रजीत कुठे Kamble-सारखं एक ए घालून, कुठे दोन घालून. आधार, समग्र आयडी आणि मार्कशीट यांवर नाव एकसारखं नसेल तर अर्ज अडकतो. दहावीच्या आधीच हे दुरुस्त करून घ्या. बँक खातं मुलाच्या स्वतःच्या नावावर आणि आधारशी जोडलेलं हवं, कारण केंद्राचा 60 टक्के वाटा थेट त्याच खात्यात येतो.

आणि कॉलेज बघून घ्या हो. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने आपल्या राज्यातली नर्सिंग कॉलेजं तपासली, त्यांतली बरीच अपात्र निघाली. मुलांच्या परीक्षा रखडल्या. एजंट 'स्कॉलरशिपमध्ये सगळं फुकट' म्हणाला की आधी मान्यतेचा कागद मागा, आणि तिथून पास झालेल्या एखाद्या मुलीशी बोला.

रविवारी सकाळी दहा वाजता मी मंडळाच्या वाचनालयात बसतो. जुने कागद जसे असतील तसे, फाटके असले तरी, घेऊन या.