खाते कोणाच्या नावाचे?



वसंत आला हे आम्हां बीडकरांना कोकिळेच्याही आधी ऊसतोडीहून परतणाऱ्या गाड्या सांगतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी या भागांतून निघालेली माणसे सांगली-कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या फडांतून या दिवसांत घरी येतात. ज्या मुलखात ती पाच-सहा महिने राबतात, तेथे ती दरसाल नवखीच असतात. अशा नवख्या माणसाने बँकेत खाते कसे उघडावे, हा आजचा विषय.

बँक पहिल्याने नाव विचारते आणि मग राहण्याचे ठिकाण. नाव सांगता येते; ठिकाण काय सांगावे? फडाजवळच्या कोपीला घरक्रमांक नसतो. फड संपला की कोपीही हलते. ‘तुमच्या गावी जाऊन खाते काढा’ असे ऐकून मजूर माघारी फिरतो.

वास्तविक नियम इतका कठोर नाही. आधार कार्डावर गावचा पत्ता असेल, तर सध्याच्या पत्त्याबद्दल स्वतःचे लेखी निवेदन देता येते. ही सोय २०१९ च्या दुरुस्तीने स्पष्ट झाली. मतदार ओळखपत्र चालते. सरकारी अधिकाऱ्याची सही असलेले रोजगार हमीचे जॉबकार्डही चालते. यांतले काहीच नसले, तरी बँकेच्या अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करून आणि छायाचित्र देऊन ‘लहान खाते’ उघडता येते. त्यात वर्षाकाठी एक लाखापेक्षा जास्त जमा होता कामा नये, एका वेळी पन्नास हजारांवर शिल्लक नको, आणि महिन्याला दहा हजारांपर्यंतच पैसे काढता येतात. मुदत बारा महिन्यांची. तेवढ्यात कागदपत्रांसाठी अर्ज केल्याचे दाखवले, तर आणखी बारा महिने मिळतात.

हे नवखेपण आम्हां मराठवाडेकरांना अपरिचित नसावे. निजामी अमलात आमच्या खिशात हाली शिक्का असे. आष्टीहून नगरकडे गेले की कलदार रुपयाचे राज्य. सात हालींचे सहा कलदार, हा हिशेब आमच्या वडीलधाऱ्यांना तोंडपाठ होता. १९४१ साली हैदराबाद संस्थानाची बँक निघाली. तिचीच पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली, आणि २०१७ मध्ये ती भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. पाट्या बदलल्या, पण गरिबाचा पैसा त्या पाटीखालून कितीसा गेला? १९५१-५२ च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या शंभर रुपये कर्जापैकी सहकारी संस्थांचे जेमतेम तीन रुपये निघाले, आणि व्यापारी बँकांचा तर एक रुपयाही भरला नाही. बाकी बहुतेक व्यवहार सावकाराच्या वहीत होता.

ऊसतोडीत आज ती वही मुकादमाच्या हाती आहे. हंगामाआधी उचल घ्यायची, टनामागच्या दराने ती फेडायची, आणि न फिटलेली बाकी पुढच्या सालावर ओढायची. या वहीत माणसे मोजत नाहीत, ‘कोयता’ मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मोळ्या बांधून डोक्यावरून वाहणारी बाई त्या अर्ध्या कोयत्यात नाहीशी होते. उचल नवऱ्याच्या नावे, हिशेबही त्याच्याच नावे. तिने किती मिळवले, हे जगातल्या कोणत्याही कागदावर लिहिलेले नसते.

म्हणून खाते म्हणजे केवळ पैसे ठेवण्याची पेटी, असे आम्ही मानत नाही. आपण राबलो याचा आपल्या नावाचा पुरावा, असा त्याचा अर्थ आहे. २०१४ पासून जनधन योजनेत शिलकीच्या अटीवाचून कोट्यवधी खाती उघडली, हे चांगलेच झाले. परंतु मजुरी खात्यात पडलीच नाही, तर पासबुक कोरेच राहणार; आणि कोऱ्या पासबुकाने वहीतली बाकी खोडता येत नाही.

या सभेत शिक्षक आहेत, वकील आहेत, बँकेतली मंडळीही असतील. आमचे मागणे लहान आहे. परमुलखात खाते काढण्यापेक्षा दसऱ्यापूर्वी इथेच काढलेले बरे. गावच्या शाखेतले खाते फडावरही वापरता येते. तेव्हा गाड्या भरण्याआधी गावोगाव बसून अर्ज भरून द्यावेत. मात्र एका कोयत्याची खाती दोन असावीत, एक त्याचे आणि एक तिचे. आणि तिची मजुरी तिच्याच खात्यात पडावी, असा आग्रह मुकादमाकडे आणि कारखान्याकडे आपण सर्वांनी धरावा.