डोरोथीची वही

आज एका बाईच्या वहीची गोष्ट सांगते. बाई इंग्लंडची, आणि काळ सव्वादोनशे वर्षांपूर्वीचा.

तिचं नाव डोरोथी वर्डस्वर्थ. सहा वर्षांची असताना आई गेली. डोरोथीला नातेवाइकांकडे पाठवलं, भावंडांची ताटातूट झाली. मोठेपणी ती आणि तिचा भाऊ विल्यम ग्रासमिअर नावाच्या डोंगराळ गावात एका लहानशा घरात राहू लागले. विल्यम कवी. 1800 च्या मे महिन्यात तो काही दिवस बाहेरगावी गेला, तेव्हा डोरोथीनं रोजची वही लिहायला घेतली. भाऊ परत आला की वाचून खूश होईल, हाही त्यामागचा विचार.

काय लिहायची ती? आज पाव भाजले. कपडे धुतले, इस्त्री केली. वाटाणा पेरला. डोकं दुखलं. दारात भीक मागायला बाई आली, तिची अशी अशी कहाणी. आणि त्याच ओळींच्या शेजारी चंद्र कसा दिसला, कुठल्या झाडाला पालवी फुटली.

तिकडचा हिवाळा लांबलचक. दिवस लहान, ऊन कमी, झाडं उघडीबोडकी. त्यामुळे वसंताची वाट सगळेच बघतात. त्या दिवसांत डॅफोडिल नावाचं पिवळं फूल येतं. कांद्यासारख्या गड्ड्यातून उगवतं आणि थोड्याच आठवड्यांत संपतं.

15 एप्रिल 1802 ला बहीणभाऊ तळ्याकाठानं पायी घरी निघाले होते. वारा सोसाट्याचा. आधी चारदोन फुलं दिसली, मग काठाकाठानं फुलांचा लांब पट्टाच. काही फुलं दमून दगडांवर टेकल्यासारखी, बाकीची वाऱ्यात डोलणारी. डोरोथीनं ते सारं वहीत उतरवलं.

दोनेक वर्षांनी विल्यमनं त्याच फुलांवर कविता लिहिली. 1807 साली ती छापली गेली आणि पुढे जगभर शाळांतून शिकवली गेली. पण कवितेतला माणूस एकटाच भटकतो. सोबतची बहीण तिथे नाही. त्या कवितेतल्या दोन ओळी तर विल्यमच्या बायकोनं, मेरीनं, सुचवलेल्या. विल्यमनं स्वतःच ते सांगितलं होतं.

आता ते साल पुन्हा आठवा. त्याच ऑक्टोबरात विल्यमचं लग्न झालं. म्हणजे बहीणभावाच्या दोघांच्याच घरातला तो शेवटचा वसंत, आणि डोरोथीला ते ठाऊक होतं. लग्नानंतरही ती त्यांच्याचकडे राहिली, भावाची मुलं सांभाळली. शेवटची वीसेक वर्षं आजारपणात गेली, बुद्धी साथ देईना. 1855 मध्ये ती वारली. वही छापून लोकांसमोर आली ती त्यानंतर कित्येक वर्षांनी.

डोरोथीला कवयित्री म्हणवून घ्यायचं नव्हतं. पण त्या दिवशी वारा होता, दोघं होते, फुलं अशी होती, हे आज आपल्याला कळतं ते तिच्या वहीमुळे.

आपल्या गटाच्या वहीत हप्ता असतो, कर्ज असतं, सह्या असतात. पोरीनं पहिल्यांदा सायकल चालवली तो दिवस कुठे असतो? मागच्या वर्षी आंब्याला मोहर कधी आला, सांगता येईल? आज रात्री पोरांच्या जुन्या वहीतलं एक कोरं पान घ्या. वर तारीख टाका, खाली एकच ओळ लिहा. जिला लिहिता येत नाही तिनं सांगावं, लेकीनं किंवा नातीनं लिहून घ्यावं.

पुढच्या बैठकीत एकमेकींना वाचून दाखवा. येते. नमस्कार.