तोफेची भूक



रत्नागिरीहून जयगडकडे जाताना वाटद लागतं. तिथल्या औद्योगिक क्षेत्रात दारूगोळ्याचा कारखाना उभारायचं रिलायन्स डिफेन्स आणि जर्मनीच्या राइनमेटल कंपनीनं मे 2025 मध्ये जाहीर केलं. क्षमता वर्षाला 2 लाख तोफगोळे आणि 10 हजार टन स्फोटकांपर्यंत. आकडा ऐकून छाती दडपते. पण एकट्या कारगिलच्या युद्धात आपल्या तोफखान्यानं अडीच लाखांहून जास्त गोळे, बॉम्ब, रॉकेटं डागली होती.

एवढे गोळे लागले कशाला?

1999 साली द्रासमध्ये शत्रू शिखरांवर बसला होता आणि आपलं पायदळ उघड्या कड्यावरून वर चढत होतं. बोफोर्स तोफा पुढे आणून थेट समोर दिसणाऱ्या बंकरांवर डागल्या गेल्या. माऱ्याखाली शत्रूला डोकं वर काढता येत नाही. तेवढ्या वेळात जवान पुढे सरकतात. टायगर हिल सर झाली त्या दिवशी 9,000 गोळे उडाले.

तोफा डागायचं हे काम शिकवलं जातं नाशिकजवळच्या देवळालीत. पुढच्या टेकडीवरचा अधिकारी वायरलेसवर लक्ष्याचा ठावठिकाणा कळवतो. मागे तोफेपाशी चाळीस किलोंहून जड, 155 मिलिमीटरचा गोळा नळीत ढकलतात, त्यामागे दारू भरतात आणि नळीचं मागचं तोंड बंद करतात. पहिला गोळा कुठे पडला ते बघून वरून दुरुस्ती येते: इतकं डावीकडे, इतकं पुढे. आता टेकडीवरच्या डोळ्यांना ड्रोनची जोड मिळाली आहे. शत्रूच्या रडारलाही तोफेची जागा पटकन सापडते, म्हणून गोळे टाकून लगेच हलावं लागतं.

तोफा आपण बनवू लागलो. पुण्याच्या संशोधन संस्थेनं विकसित केलेल्या 'अटॅग्स' तोफेनं चाचणीत 48 किलोमीटरपर्यंत मजल मारली. मार्च 2025 मध्ये अशा 307 तोफांचे करार झाले. पण गोळ्याविना तोफ म्हणजे नुसतं लोखंड. युरोपनं युक्रेनला वर्षभरात 10 लाख गोळे देण्याचा शब्द दिला होता. मार्च 2024 ची मुदत संपली तेव्हा जेमतेम निम्मे पोचले होते. श्रीमंत देशांचेही कारखाने तोकडे पडले.

देशाला गोळे हवेतच. पण वाटद परिसरात जमिनी द्यायला ग्रामस्थांचा विरोध आहे, आणि स्फोटकांशेजारी राहायचं आहे ते त्यांनाच. मोबदला किती, वस्तीपासून अंतर किती, अपघात झाला तर जबाबदार कोण, याची लेखी उत्तरं सरकारनं आणि कंपनीनं त्यांना आधी द्यावीत. जमिनीची मोजणी त्यानंतर व्हावी.