दिसले तेवढेच लिहा

न्यायसहायक विज्ञानाच्या नव्या पदवीधरांनो,

तुम्ही पदवी घेताय ती वेळ मोठी मोक्याची आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. तिच्या कलम 176 मध्ये असे म्हटले आहे की, सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायसहायक तज्ज्ञाने स्वतः घटनास्थळी जायचे, पुरावा गोळा करायचा आणि त्या सगळ्या कामाचे चित्रीकरण करायचे. तयारीसाठी राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. आमच्या काळी तपासी अंमलदाराला गरज वाटली तर बोलावणे यायचे. बहुतेक वेळा यायचेच नाही. मुद्देमाल तेवढा लाखेचे सील लावून, कॅरिअर म्हणून पाठवलेल्या शिपायाच्या हाती, एसटीने प्रयोगशाळेत पोचायचा. तो कुठून उचलला, कसा उचलला, कुणी उचलला, हे आम्ही सोबतच्या पत्रावरून समजून घ्यायचो. आता कायदा तुम्हालाच त्या उंबऱ्यावर उभे करतो आहे. म्हणून आज मी उंबऱ्याच्या आतल्या कामाबद्दल बोलणार आहे.

खून झालेली खोली सिनेमात दिसते तशी नसते. दहा बाय बाराची खोली असते, दारात चपलांचा ढीग असतो, आणि तुम्ही पोचण्याआधी अर्धी आळी आत येऊन गेलेली असते. कुणीतरी मायेने प्रेतावर घरातली चादर टाकलेली असते. एखाद्या म्हातारीने, आता मोठी माणसे येणार म्हणून, उंबऱ्याजवळचे रक्त पुसून काढलेले असते. पंखा चालू होता की बंद, असे विचारावे तर जो तो दुसऱ्याकडे बघतो, कारण आल्या आल्या कुणीतरी बटण दाबलेले असते. आणि प्रेत किती वेगाने थंड झाले याचा अंदाज करताना नेमकी त्या पंख्याचीच माहिती लागते.

अशा वेळी त्या माणसांवर ओरडू नका. त्यांच्या घरात मरण झालेले आहे. शांतपणे विचारा: चादर कुणाची, कुठल्या कपाटातली, कुणी आणली? आणि ते लिहून ठेवा. चादरीचा धागा उद्या प्रेताच्या कपड्यांवर सापडेल. तो कुठून आला हे तुमच्या वहीत नसेल, तर कुणीतरी त्या धाग्याला धरून भलत्याच माणसापर्यंत जाईल.

आत जाण्या-येण्याची एकच वाट ठरवा. हात लावण्याआधी फोटो, आधी संपूर्ण खोलीचे, मग जवळून, मग पट्टी ठेवून. कच्च्या नकाशावर उत्तर दिशा दाखवा आणि न हलणाऱ्या दोन खुणांपासून अंतरे मोजा, कारण खाट उद्या हलवली जाईल, भिंत हलणार नाही. हे सगळे तुम्हाला परीक्षेत विचारले होते आणि तुम्ही बरोबर लिहिले होते. रात्री दोन वाजता, बाहेर माणसे रडत असताना, फौजदार घड्याळाकडे बघत असताना ते त्याच क्रमाने करता येणे, ही वेगळी तयारी आहे.

एका डागाचे उदाहरण घेऊ. खिडकीच्या गजावर तपकिरी, वाळलेला डाग आहे. तुम्ही बोळा डिस्टिल्ड वॉटरने जेमतेम ओला करता, डाग त्यावर घेता. शेजारच्या स्वच्छ गजावरून दुसरा बोळा घेता, तुलनेसाठी. दोन्ही सावलीत वाळवता आणि वेगवेगळ्या कागदी लिफाफ्यांत घालता. प्लॅस्टिकच्या पिशवीत कधीच नाही. कोकणातल्या आषाढात ओलसर बोळा प्लॅस्टिकमध्ये बंद केला, तर जिवाणू आणि बुरशी तुमच्या आधी तो डाग संपवतात आणि प्रयोगशाळेत पोचतो तो निव्वळ घाण वासाचा कापूस. रक्ताने भिजलेला सदरा आधी स्वच्छ कागदावर टांगून वाळवा, घडी घालताना पदरांमध्ये कागद घाला, नाहीतर पाठीवरचा डाग पोटावर उमटतो आणि वार कुठून झाला याचे उत्तरच उलटे होते. जळिताच्या गुन्ह्यात मात्र नेमके उलट करायचे. रॉकेल-पेट्रोलचा संशय असेल तर हवाबंद डबा हवा, कारण कागदातून वाफ उडून जाते.

आता त्याच गजावर तुम्ही फिनॉल्फ्थॅलीनची चाचणी केली. पेरॉक्साइडचा थेंब पडला आणि बोळा गुलाबी झाला. तपासी अंमलदार शेजारीच उभा आहे. तो वाईट माणूस नाही. त्याच्यावर वरून दबाव आहे, गावात मोर्चा निघायचा आहे. तो म्हणतो, “मॅडम, तेवढं ‘मानवी रक्त’ लिहून द्या ना, आरोपी तर कबूल झालाच आहे.” तुम्हाला ठाऊक असते की बटाट्या-मुळ्याच्या रसातले पेरॉक्सिडेजही ही चाचणी गुलाबी करू शकते, काही धातूंचे क्षारही करू शकतात. रक्त मानवी की जनावराचे, हे तर ही चाचणी सांगतच नाही. तेव्हा लिहायचे इतकेच: रक्त असण्याची शक्यता आहे, पुढील तपासणी आवश्यक. तुमच्या सगळ्या नोकरीचा कस मला या एका ओळीत दिसतो. दिसले तेवढेच लिहायचे. कमी लिहायचे नाही, आणि कितीही चांगल्या माणसाने, कितीही चांगल्या हेतूने मागितले तरी जास्त लिहायचे नाही.

हे शहाणपण आपल्याच देशात फार पूर्वी दिसले आहे. 1897 साली कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय सुरू झाले. त्याचे श्रेय बराच काळ एडवर्ड हेन्री यांच्या एकट्याच्या नावावर राहिले, पण वर्गीकरणाची पद्धत बसवण्यात अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदुस्थानी कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. ही नावे तुम्ही तरी विसरू नका. त्याच सुमारास जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरून खून झाला आणि त्याची पेटी लुटली गेली. संशय बऱ्याच जणांवर होता. मळ्यातल्या मजुरांवर, स्वयंपाक्यावर. पेटीत एक बंगाली पंचांग मिळाले, त्यावर रक्ताळलेल्या अंगठ्याचा पुसट ठसा. तो कार्यालयातल्या नोंदींशी ताडून पाहिला तर जुळला कांगाली चरण नावाच्या जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी. याच व्यवस्थापकाने त्याला पूर्वी चोरीबद्दल तुरुंगात धाडले होते.

आता पुढचा भाग ऐका, कारण गोष्ट सांगताना बहुतेक जण इथेच थांबतात. 1898 मध्ये खटला चालला. त्याचा जुना राग होता, रक्ताचा ठसा होता, तरी न्यायालयाने कांगाली चरणला चोरीबद्दल दोषी धरले, खुनाबद्दल नाही. ठसा एवढेच सांगत होता की रक्त लागलेल्या हाताने या माणसाने पेटीतल्या पंचांगाला स्पर्श केला. गळ्यावर सुरी त्याने फिरवली, हे ठसा सांगत नव्हता. मला या निकालाचा मनापासून आदर वाटतो. नव्या विद्येचे नवल ताजे असताना, तिच्याकडून ती देऊ शकते त्याहून जास्त मागायचे नाही, एवढा संयम त्या न्यायालयाने दाखवला.

डीएनएचेही तसेच. गुन्ह्याच्या तपासात त्याचा पहिला मोठा वापर झाला इंग्लंडमध्ये, लेस्टरशरमध्ये, 1986 साली. दोन मुलींचे सुमारे तीन वर्षांच्या अंतराने खून झाले होते आणि एका सतरा वर्षांच्या मुलाने त्यातल्या एकाची कबुली दिली होती. अ‍ॅलेक जेफ्रीज यांच्या तपासणीत दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे निघाले, आणि तो माणूस हा मुलगा नव्हता. खरा गुन्हेगार नंतर सापडला, पण डीएनएने आधी सोडवले ते निरपराध्याला. तपासी अंमलदार जेव्हा “आरोपी कबूल झालाच आहे” म्हणेल, तेव्हा हा मुलगा आठवा.

आणि ज्यांना वाटते की यंत्र चुकत नाही, त्यांच्यासाठी जर्मनीतले हाइलब्रॉन. एप्रिल 2007 मध्ये तिथे एका पोलीस महिलेचा खून झाला. गाडीवर एका अनोळखी स्त्रीचा डीएनए मिळाला. तोच डीएनए जर्मनी, ऑस्ट्रिया आणि फ्रान्समधल्या सुमारे चाळीस गुन्ह्यांत निघू लागला. खून, घरफोड्या, वर्षानुवर्षांपूर्वीची प्रकरणे. तीन लाख युरोंचे इनाम लागले. एक अदृश्य बाई सगळ्या युरोपभर गुन्हे करत फिरते आहे, असे लोक समजू लागले. 2009 मध्ये उलगडा झाला की हा डीएनए नमुने घेण्याचे बोळे पॅक करणाऱ्या कारखान्यातल्या एका कामगार बाईचा आहे. बोळे निर्जंतुक होते. पण निर्जंतुक करण्याने जिवाणू मरतात, डीएनए जात नाही. प्रत्येक प्रयोगशाळेने तपासणी अचूक केली होती, आणि तरी उत्तर चुकले. म्हणून तो तुलनेचा कोरा बोळा विसरू नका. कोऱ्या बोळ्यावर काही सापडले, तर आपल्या साहित्यात काहीतरी बिघडले आहे हे तोच सांगतो.

घटनास्थळ एकदा हातचे गेले की काय होते, हे 2008 च्या मे महिन्यात नोएडात सगळ्या देशाने पाहिले. फ्लॅटमध्ये मुलीचा मृतदेह मिळाला, पोलीस, शेजारी, पत्रकार आत-बाहेर करत राहिले, आणि त्याच इमारतीच्या गच्चीवर असलेला दुसरा मृतदेह दुसऱ्या दिवशी सापडला. त्यानंतरच्या सगळ्या खटल्यांवर, अपिलांवर, पुस्तकांवर आणि चित्रपटांवर त्या पहिल्या दिवसाची छाया आहे. गच्चीच्या दाराला कुलूप होते. ते त्याच दिवशी उघडायला हवे होते.

याउलट मुंबईकडे बघा. 26 नोव्हेंबर 2008 चा हल्ला झाला तेव्हा शहर थरथरत होते, तरी हल्लेखोरांनी वापरलेल्या ‘कुबेर’ नौकेवर मिळालेली जाकिटे, चादरी यांसारख्या वस्तू जपल्या गेल्या, आणि त्यांच्यावरच्या घामातला डीएनए हल्लेखोरांशी जुळला. नौकेवरचा गुलाबी फोम आणि न फुटलेल्या बॉम्बमधला गुलाबी फोम यांचा दुवा 2012 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालात नोंदलेला आहे. समुद्रातली नौका आणि शहरातला बॉम्ब यांना फोमच्या तुकड्याने जोडले. कुणीतरी तो तुकडा कचरा समजून टाकून दिला नाही, म्हणून हे झाले.

ही सगळी गाजलेली प्रकरणे. तुमच्या वाट्याला त्यांतले क्वचितच येईल. तुमच्या टेबलावर जास्त करून येतील ते व्हिसेऱ्याचे बरणीबंद नमुने. संपृक्त मिठाच्या पाण्यात राखलेले जठर, यकृत, मूत्रपिंड, आणि लेबलवर एखाद्या खेड्याचे नाव. 2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते तुमच्यातल्या कित्येकांनी घराजवळ पाहिले असेल. एखाद्या शेतकऱ्याने कीटकनाशक पिऊन जीव दिला, की फवारताना ते अंगात भिनले, की साप चावला, यावर त्याच्या घरी पैसे येणार की नाही हे ठरते. विमा किंवा सानुग्रह अनुदानाची फाईल तुमच्या अहवालासाठी अडलेली असते. तिकडे त्याची बायको तहसीलच्या पायऱ्या चढते आणि तिला सांगतात, “सी.ए. रिपोर्ट आला नाही अजून.” सी.ए. म्हणजे रासायनिक विश्लेषक, म्हणजे तुम्हीच. ती बरणी फडताळावर पडून राहिली तर गुन्हेगार सुटणार नाही, पेपरात बातमी येणार नाही. पण एका घराचा पेरा चुकेल, मुलीची शाळा सुटेल. मला तुमच्याकडून जे हवे आहे ते सगळ्यात जास्त इथे हवे आहे. ज्या केसला कुणी फोन करत नाही, ती आधी हातात घ्या.

इथेही तोच नियम लागू आहे. अहवालात तुम्ही लिहाल ते विष कोणते सापडले एवढेच. ते प्यायले की भिनले, हे नुसत्या बरणीवरून ठरत नाही. ते घटनास्थळ सांगते: फवारणीचा पंप कुठे होता, कपडे ओले होते का, डबा बंद होता की उघडा. म्हणून शेतातही तितक्याच काटेकोरपणे जा जितके खुनाच्या खोलीत जाता. चिखलातून जावे लागेल. जा.

आणि मग न्यायालय. तुम्ही केलेल्या कामाची विचारपूस काही वर्षांनी होते, कधी सात, कधी दहा. तोवर पंच फितूर झालेले असतात, फौजदाराची बदली झालेली असते. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे असाल तुम्ही आणि तुमची वही. आरोपीचे वकील विचारतील, “बोळा वाळायला किती वेळ दिलात?” वहीत असेल तर सांगाल. नसेल तर “नोंद नाही” म्हणा. अंदाजाने उत्तर देऊ नका, सरकारी वकील डोळ्यांनी खुणावत असले तरी. आरोपीच्या वकिलांचा राग धरू नका. पुरावा पारखणे हे त्यांचे काम आहे, आणि तुमचा पुरावा पारखून उतरावा हे तुमचे.

एक गोष्ट तुमच्या आईवडिलांना सांगते. तुमची मुले, आणि आज या सभागृहात मुलीच जास्त दिसताहेत, रात्री-अपरात्री अशा ठिकाणी जातील जिथे जायला कुणी धजत नाही. घरी आल्यावर ती गप्प असतील, जेवणावर वासना नसेल. लगेच प्रश्न विचारू नका, पण एकटेही सोडू नका. आणि मुलांनो, मन फारच जड झाले तर वरिष्ठांना सांगा, समुपदेशकाकडे जा. सहन करत राहण्याला या नोकरीत बढती मिळत नाही.

कुलगुरू महोदय, शेवटी तुमच्याकडे एक मागणे आहे. या मुलांना रसायने ओळखता येतात, सूक्ष्मदर्शक चालवता येतो. पण उलटतपासणीला उभे राहणे त्यांना कुणी शिकवलेले नाही. विद्यापीठात विधी विभाग आहेच. दोन्ही विभागांनी मिळून पुढच्या तुकडीसाठी एक खोली घटनास्थळासारखी मांडावी आणि शेजारची न्यायालयासारखी. सकाळी मुलांनी पुरावा उचलावा आणि सहा महिन्यांनी, वहीतला तपशील विसरल्यावर, कायद्याच्या विद्यार्थ्यांनी त्यांची उलटतपासणी घ्यावी. निवृत्त सत्र न्यायाधीश या शहरात आहेत, त्यांना मी विनंती करीन. सुरुवातीची खोली मांडायला मी स्वतः येते. तारीख ठरवून कळवा.