जवसाची परीक्षा

विदर्भांतील घराघरांतून जवसाची चटणी पिढ्यान्‌पिढ्या होत आली आहे. जवस भाजावा, लसूण, तिखट, मीठ घालून कुटावा आणि वर तेल घेऊन भाकरीशीं खावा, इतकाच तिचा विधि. अलीकडे मात्र ज्या शहरी घरांनीं जवस कधीं पाहिलाही नव्हता तेथेंही तो शिरला आहे, आणि तो रुचीसाठीं नव्हे, औषध म्हणून. गृहस्थाचें कोलेस्टेरॉल वाढलेलें निघतें, कोणी स्नेही जवस सुचवितो, तीन महिन्यांनीं आंकडा उतरतो आणि सारें श्रेय जवसाच्या पदरांत पडतें. येथवर हानि नाहीं. परंतु पुढें डॉक्टरांस न विचारतां गोळ्या बंद होतात. आणि ज्याला पूर्वीं हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे त्याच्या बाबतींत हा खेळ जिवावर बेतणारा आहे.

त्या तीन महिन्यांत गृहस्थानें केवळ जवसच खाल्ला, असें क्वचितच घडतें. भीतीनें तळलेले पदार्थ सुटतात, सायंकाळचें फिरणें सुरू होतें, वजन उतरतें. शिवाय कोलेस्टेरॉल दिवसागणिक थोडेंफार खालीं-वर होतच असतें. एकदां फार वर गेलेला आंकडा पुढच्या खेपेस, कांहींही न करतां, बहुधा थोडा खालींच भेटतो. मग उतार जवसाचा कीं आणखी कशाचा, हें एका माणसाच्या दोन कागदांवरून कळावें कसें? त्यासाठीं माणसांचे दोन गट पाडावे लागतात, कोणीं कोणत्या गटांत जावें हें चिठ्ठ्या टाकून ठरवावें लागतें, आणि खरा जवस कोणाला मिळतो हें रोग्यालाही कळूं द्यावयाचें नसतें व तपासणाऱ्यालाही नाहीं.

गोळीची ही लपवालपवी सोपी, धान्याची कठीण. कॅनडांतील विनिपेग शहरीं संशोधकांनीं त्यावर तोड काढली. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेले ११० रोगी त्यांनीं घेतले आणि वर्षभर पाव, बिस्किटें अशा पदार्थांतून एका गटाला रोज ३० ग्रॅम दळलेला जवस दिला. दुसऱ्या गटाचे पदार्थ त्याच जातीचे, पण जवसाविना. दळण्याचें कारण हें कीं, अख्खा दाणा दाताखालीं न सांपडल्यास पोटांतून जसाच्या तसा बाहेर पडतो. २०१३ सालीं आधीं निष्कर्ष आला तो रक्तदाबाचा: सहा महिन्यांनीं जवस खाणाऱ्यांचा वरचा दाब दुसऱ्या गटाहून सुमारें १० मिलिमीटर कमी होता. कोलेस्टेरॉलचे आंकडे २०१५ सालीं प्रसिद्ध झाले. एल.डी.एल., म्हणजे रक्तवाहिन्यांत सांचणारें घातक कोलेस्टेरॉल, पहिल्याच महिन्यांत १५ टक्क्यांनीं उतरलें. एवढेंच वाचणारा हर्षभरित होऊन उठेल. पण वर्षाअखेरीस दोन्ही गटांत भरवशानें दाखवितां येईल असा फरक उरला नव्हता. मात्र कोलेस्टेरॉलच्या गोळ्याही घेणाऱ्या रोग्यांचा हिशेब वेगळा काढला, तेव्हां वर्षाअखेर जवसाच्या गटांत एल.डी.एल. ८.५ टक्के उतरलेलें, तर दुसऱ्या गटांत ३ टक्के चढलेलें आढळलें. म्हणजे जवसाची मदत टिकलेली दिसली ती गोळीच्या जोडीला, गोळीच्या जागीं नव्हे.

यापूर्वीं २००९ सालीं अशा २८ प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडण्यांत आला होता. बी सबंध वापरली तेथें एल.डी.एल. सरासरीनें दर डेसिलिटरला सुमारें ६ मिलिग्रॅम उतरलें. नुसत्या तेलानें उतरलें नाहीं. भिजविलेल्या जवसाला जो बुळबुळीत चिकटा सुटतो तो आंतड्यांत पित्ताम्लांना धरून बाहेर नेतो, आणि नवें पित्त तयार करण्यासाठीं यकृताला कोलेस्टेरॉल खर्चावें लागतें. तेल काढल्यावर हा चिकटा पेंडींत राहतो. तेव्हां जवसाच्या तेलाच्या महागड्या बाटल्या निदान कोलेस्टेरॉलसाठीं तरी कोणीं घेऊं नयेत. ज्याचें एल.डी.एल. १६० आहे त्याला ६ चा उतार किती पुरेल, हें शाळेंतील मूलही सांगेल. स्टॅटिन जातीच्या गोळ्या तें ३० ते ५० टक्क्यांनीं उतरवितात.

राहतां राहिली चटणी. प्रयोगांतील ३० ग्रॅम म्हणजे दळलेल्या जवसाचे सुमारें चार मोठे चमचे, तेही रोज. ताटाच्या कडेला वाढलेली चिमूटभर चटणी तेथवर पोंचत नाहीं, आणि चार चमचे चटणी खाल्ल्यास तिच्यांतलें मीठ रक्तदाबाला बाधेल. ज्यांना जवस घ्यावयाचाच असेल त्यांनीं तो दळून, बिनमिठाचा, भाकरीच्या पिठांत किंवा ताकांत मिसळावा, वर पाणी भरपूर प्यावें, आणि चालू गोळ्यांना हात न लावतां दोन-तीन महिन्यांनीं रक्त तपासून तो कागद डॉक्टरांपुढें ठेवावा.