उपचार करणाऱ्या वैद्याची साक्ष

दक्षिण सोलापूर तालुक्यातील कुंभारी गावी आज ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय व त्याचे रुग्णालय आहे. त्याच गावी असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची वसाहत योजिलेली असून, तिच्यातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या हाती आली. विडी वळणाऱ्या एखाद्या कुटुंबातील रोगी उपचार चालू असता दगावला, तर न्यायालयात खरे काय ते कोणी सांगावयाचे? नातलगांस आपले दुःख सांगता येते. औषधाची मात्रा सांगता येत नाही. ते सांगू शकणारा मनुष्य एकच, तो म्हणजे उपचार करणारा वैद्य.

या वैद्याची भूमिका दुहेरी असते. रोग्याची नाडी, जखम, दिलेले औषध यांविषयी तो बोलतो तेव्हा तो प्रत्यक्षदर्शी साक्षीदार होय. मृत्यूचे कारण काय, हे तो सांगू लागला म्हणजे तो तज्ज्ञ होतो. तज्ज्ञाचे मत ग्राह्य मानणारे कलम १८७२ च्या पुरावा कायद्यात ४५ वे होते; १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमात ते ३९ वे आहे. तथापि मत ग्राह्य असणे निराळे आणि ते न्यायाधीशावर बंधनकारक असणे निराळे.

लक्ष्मण जोशी विरुद्ध त्र्यंबक गोडबोले हा खटला या दृष्टीने मननीय आहे. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेतच्या समुद्रकिनारी एका वीस वर्षांच्या तरुणाच्या मांडीचे हाड मोडले. स्थानिक डॉक्टरांनी लाकडी पट्ट्या बांधल्या व त्यास पुण्यास नेण्यात आले. तेथे ९ मे रोजी उपचार झाले आणि त्याच रात्री तो मरण पावला. दाखल्यावर मृत्यूचे कारण रक्तात मेद अडकणे असे लिहिले गेले. परंतु भूल न देता बळाने हाड ओढल्यामुळे बसलेल्या धक्क्याने मृत्यू ओढवला, असा न्यायालयाचा निष्कर्ष झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये तीन हजार रुपयांची नुकसानभरपाई कायम केली. येथे एक गोष्ट विसरता येत नाही: मृताचे वडील स्वतः डॉक्टर होते. विडी कामगाराच्या घरी असा जाणता कोठून असणार?

व्यवसायबंधूविरुद्ध बोलण्यास वैद्य कचरतो, हा मनुष्यस्वभाव आहे. उलट, दर अपयशास गुन्हा म्हटले, तर कठीण रोग्यास हात लावण्यास कोणी धजणार नाही. म्हणून २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, फौजदारी कारवाईपूर्वी पोलिसांनी निःपक्षपाती वैद्यकीय मत, शक्यतो सरकारी डॉक्टरांचे, घ्यावे. पुढे २०१० मध्ये किशन राव खटल्यात, ग्राहक न्यायमंचापुढील प्रत्येक तक्रारीत तज्ज्ञाची साक्ष अनिवार्य नाही, असेही ठरले.

साक्षीहून अधिक टिकाऊ असतो तो कागद. वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांप्रमाणे रुग्णालयात दाखल झालेल्या रोग्याची टिपणे तीन वर्षे जपून ठेवावी लागतात, व मागितल्यास बहात्तर तासांत द्यावी लागतात. उपचाराच्या वेळीच प्रामाणिकपणे लिहिलेले टिपण निर्दोष वैद्याचे रक्षण करते आणि ज्याच्या घरी कोणी जाणता नाही, त्या रोग्याच्या वतीनेही तेच बोलते.